बॉल उसळलाच नाही जी

(नागपुरात जानेवारी २०२६ मध्ये एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या थंडीत, तेही संध्याकाळी, हॉकीबद्दल ऐकायला तुम्ही आलात याचा मला फार आनंद आहे. समोर माझे काही जुने विद्यार्थी दिसताहेत. काहींनी पोरांनाही आणलंय. पोरांनो, पुढे या, सतरंजीवर बसा. आजचं बोलणं खरं तर तुमच्यासाठीच आहे.

विषय आहे ज्युनिअर विश्वचषक हॉकी, मुलांचा. १० डिसेंबरला चेन्नईत ही स्पर्धा संपली. त्या संध्याकाळी आपला कांस्यपदकाचा सामना होता, अर्जेंटिनाशी. माझ्या घरी टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण होतो. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा आपण ०-२ नं मागे होतो. पंधरा मिनिटं उरली होती. दोघे जण उठून चपला घालायला लागले. मी म्हटलं, बसा रे, पोट्टे खेळत आहेत अजून. आणि मग त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये अंकित पाल, मनमीतसिंग, शारदानंद तिवारी आणि अनमोल एक्का, चौघांनी एकेक गोल केला. ४-२. २०१६ नंतर पहिल्यांदा या स्पर्धेत भारताला पदक मिळालं. चपला घालणारे दोघं परत येऊन खुर्चीवर उभे राहिले होते.

मला त्या चार गोलांपेक्षा वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. गोल सगळ्यांना दिसतो. त्याच्या आधी कुणीतरी चेंडू थांबवलेला असतो, तो कुणाला दिसत नाही. ज्युनिअर हॉकी मी पन्नास वर्षं बघतोय, आणि माझं असं ठाम मत झालंय की पोरगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो काय होणार हे त्याच्या चेंडू थांबवण्यावरून ठरतं, आणि त्याचं चेंडू थांबवणं ठरतं तो बाराव्या-तेराव्या वर्षी कोणत्या जमिनीवर खेळला यावरून.

आधी स्पर्धेबद्दल थोडं सांगतो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एकवीस वर्षांखालच्या मुलांची ही जागतिक स्पर्धा. चेन्नईत खेळायला १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. पहिली स्पर्धा १९७९ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला झाली आणि पाकिस्ताननं जिंकली. तेव्हापासून चौदा स्पर्धा झाल्या. त्यांतल्या आठ जर्मनीनं जिंकल्या, पश्चिम जर्मनी होती तेव्हापासून धरून. आपण दोन, अर्जेंटिना दोन, ऑस्ट्रेलिया एक. या वेळी पहिल्यांदाच चोवीस संघ होते, चेन्नई आणि मदुराई अशा दोन शहरांत सामने झाले, आणि अंतिम सामन्यात बरोबरी झाल्यावर जर्मनीनं स्पेनला शूटआउटवर हरवलं. उपांत्य सामन्यात आपल्याला हरवणारेही जर्मनच. ५-१.

त्या ५-१ च्या सामन्याची पहिली दहा मिनिटं मी नंतर चार वेळा पाहिली. हातात वही घेऊन पाहिली. जर्मन पोरगा चेंडू घेतो तेव्हा त्याचा डावा हात जवळजवळ जमिनीला टेकलेला असतो, गुडघे वाकलेले, स्टिक आडवी. चेंडू लागतो आणि तिथेच मरतो. मरतो म्हणजे पुढे दोन इंचही घरंगळत नाही. आणि थांबवतानाच त्याचं शरीर पुढच्या पासकडे वळलेलं असतं. आपली पोरंही हे करतात, आता फार चांगलं करतात. पण दमल्यावर, दडपणात, शरीर जुन्या सवयीकडे परत जातं. सवय कुठली? जिथे पहिल्यांदा स्टिक हातात घेतली तिथली.

इथे मला १९९६ मध्ये जावं लागेल.

माझ्या शाळेत एक मुलगा होता. त्याचं नाव घेत नाही. वडील रेल्वेत खलाशी, अजनीला क्वार्टर. उंची बेताची, पण डोळा असा की चेंडू कुठे जाणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळायचं. आमचं मैदान मुरमाचं. पावसाळ्यानंतर आम्ही त्यावर रोलर फिरवायचो, सकाळी बादल्यांनी पाणी मारायचो, चुन्याच्या रेघा ओढायचो, आणि आठवड्याभरात खालची काळी माती फुगून वर यायची नि सगळं पुन्हा खडबडीत व्हायचं. त्या मैदानावर चेंडू सरळ कधी येतच नाही. दर दोन हातांवर उडी मारतो. म्हणून मीच मुलांना शिकवलं होतं: स्टिक उभी धरा, पाय चेंडूच्या रेषेत आणा, थोडं थांबा, तो उसळला की वरून दाबा. उसळीची वाट बघायची. या पोराला ते इतकं जमलं होतं की गुडघ्याच्या उंचीवर आलेला चेंडूही तो मऊ हातानं खाली बसवायचा. बघत राहावं असं.

त्याची राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली. पत्र शिबिराच्या चार दिवस आधी हातात पडलं. ज्यांच्याकडून आलं त्यांचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही, पण त्या चार दिवसांत टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर घालायचे, बूट मिळणं नागपुरात शक्य नव्हतं. तो कॅनव्हासचे बूट घालून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेला. आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर उतरला. पाणी मारलेलं, ओलं, हिरवंगार. पहिला पास आला. यानं स्टिक उभी धरली, पाय रेषेत आणले, आणि उसळीची वाट बघितली. चेंडू जमिनीला चिकटून, सुतासारखा सरळ, स्टिकच्या खालून निघून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला तो घाईनं वाकला आणि त्या बुटांनी घसरून पडला, कोपर सोललं. तीन दिवसांनी नाव वगळलं.

तो परत आला त्या दिवशी संध्याकाळी मैदानावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. रडला नाही. फक्त म्हणाला, "सर, बॉल उसळलाच नाही जी."

मंडळी, तीस वर्षं झाली. हे वाक्य मी रोज ऐकतो. त्या मुलाची काही चूक नव्हती. त्यानं मी शिकवलेलं बरोबर केलं होतं. मी त्याला ज्या खेळात पारंगत केलं, तो खेळ तिथे खेळलाच जात नव्हता.

टर्फवर पाणी का मारतात हे एकदा समजून घ्या, म्हणजे पोराला काय झालं ते कळेल. पाण्यानं घर्षण कमी होतं. चेंडू जवळपास न उसळता, वेगानं, सरळ जातो. पडलं तरी कातडी कमी सोलते. चेंडूचं वजन जेमतेम १५६ ते १६३ ग्रॅम, पण तो ओल्या टर्फवर येतो तेव्हा हाताला वेगळाच लागतो. आता पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी, डोळ्यांसमोर आणा. गोलपोस्टपासून दहा मीटरवर एक जण उभा आहे, तो चेंडू ढकलतो. गोलासमोरचं वर्तुळ गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर, आणि तिथे वर्तुळाच्या बाहेर दुसरा वाकून बसलाय, स्टिक जमिनीला आडवी टेकवून. तो चेंडू थांबवणार. तिसरा त्याच्या शेजारून फ्लिक मारणार, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढून गोलाकडे भिरकावणार. गोलरेषेमागून गोलकीपर धरून पाच बचावपटू, त्यांतला पहिला धावत सुटलाय, चेहऱ्यावर मास्क, सरळ त्या फ्लिकवाल्याच्या अंगावर. सगळ्या खेळाचा जीव त्या मधल्या माणसाच्या मनगटात. तो चेंडू तळहाताएवढा जरी पुढे घरंगळला, तरी फ्लिक मारणाऱ्याचा पाय चुकतो आणि पहिला बचावपटू पोचतो. तुम्ही आज भारताच्या हरमनप्रीतच्या फ्लिकचे व्हिडिओ बघता ना, पोरांनो? पुढच्या वेळी त्याला बघू नका. त्याच्या शेजारी वाकलेल्याला बघा.

हे आपल्याकडे असं का झालं? मी शाळेत होतो तेव्हा, १५ मार्च १९७५ ला, क्वालालंपूरला भारतानं पाकिस्तानला २-१ नं हरवून विश्वचषक जिंकला. अजितपालसिंग कर्णधार, आणि विजयी गोल अशोककुमारचा, म्हणजे ध्यानचंदांचा मुलगा. आमच्या चाळीत एकच रेडिओ होता आणि त्याच्याभोवती सगळी चाळ. तो गवतावरचा विजय. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हॉकी कृत्रिम टर्फवर झालं आणि १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा भारत सातवा आला. एका वर्षात हातांचं सगळं शिक्षण जुनं झालं. युरोपातल्या क्लबांनी टर्फ टाकले, त्यांच्या दहा वर्षांच्या पोरांनी त्यावर खेळायला सुरुवात केली. आपली दहा वर्षांची पोरं मुरमावर राहिली आणि अठराव्या वर्षी टर्फ बघू लागली. माझ्या त्या विद्यार्थ्यासारखी.

नागपूरकडे हॉकीचा वारसा नव्हता असं कुणी म्हणू नये. कामठीची लष्करी छावणी १८२१ पासूनची. आणि ज्या बेंगॉल नागपूर रेल्वेच्या नावातच आपलं गाव आहे, तिच्या संघानं लेस्ली क्लॉडियससारखा खेळाडू देशाला दिला. तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि एक रौप्य! बिलासपूरचा माणूस, आधी फुटबॉल खेळायचा. रेल्वेतल्याच डिकी कार या खेळाडूनं त्याला हॉकीकडे वळवलं. पारखी नजर या पट्ट्यात नेहमीच होती.

नजरेचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, आणि ही मला फार जवळची वाटते. आपल्या अकोल्याची आहे.

२०१३ च्या सुमाराला अकोल्यात एक स्पर्धा होती. तिथे इटारसीजवळच्या एका गावातला एक किडकिडीत पोरगा खेळत होता, वय तेरा. इटारसी म्हणजे आपल्याला काही परकं नाही, भोपाळच्या गाडीत बसलं की येतं. तो सामना बघायला अशोककुमार होते, तेच १९७५ चे. त्यांना पोराच्या खेळात काहीतरी दिसलं. त्यांनी त्याला भोपाळच्या अकादमीत नेलं. सुरुवातीला तर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिथे टर्फ होतं. तो पोरगा सतराव्या वर्षी भारताकडून खेळला. एकविसाव्या वर्षी टोकियोत ऑलिंपिक कांस्य मिळवणाऱ्या संघात होता, आणि त्याच वर्षी भुवनेश्वरच्या ज्युनिअर विश्वचषकात भारताचा कर्णधार. विवेक सागर प्रसाद.

सापडला आपल्या विदर्भात. घडला भोपाळला. मला भोपाळचा हेवा वाटत नाही, कौतुक वाटतं. पण त्या अकोल्याच्या मैदानावर त्या दिवशी अजून किती पोरं होती? त्यांच्यापैकी कुणाकडे बघायला अशोककुमार होते?

ओडिशानं या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या तऱ्हेनं दिलं. सुंदरगड हा आदिवासी जिल्हा. लग्नात, जत्रेत हॉकीचे सामने होतात, जिंकणाऱ्याला बोकड मिळतो. तिथल्या सरकारनं ठरवलं की पोरांनी टर्फकडे जायचं नाही, टर्फ पोरांकडे न्यायचं, आणि जिल्ह्यात तालुक्याच्या पातळीवर टर्फ टाकायला घेतले. चेन्नईत चौथा गोल करणारा अनमोल एक्का त्याच जिल्ह्याचा. लहानपणापासून ओल्या टर्फवर चेंडू थांबवलेला पोरगा आणि अठराव्या वर्षी पहिल्यांदा तिथे उतरणारा पोरगा, दोघं सारखे हुशार असले तरी सारखे खेळणार नाहीत. हे सरळ आहे.

टर्फ अंथरणं हा एक खर्च, आणि त्याला रोज पाणी पाजणं हा दुसरा, तोही नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत. हे मला ठाऊक आहे. सकाळी साडेपाचला मारलेलं पाणी मे महिन्यात सात वाजेपर्यंत उडून जातं. म्हणून जे टर्फ टाकतील त्यांनी त्याच कागदावर पाण्याचीही सोय लिहावी, एवढंच मी प्रत्येक बैठकीत सांगत आलोय. कोरड्या टर्फवर पोरं गुडघे सोलून घेतात आणि चेंडू परत अडखळायला लागतो.

आता दुसरी बाजू. एकवीसनंतर काय?

ज्युनिअर स्पर्धा म्हणजे एक उंबरठा आहे. ओलांडणारे सगळे आत जातातच असं नाही. १९९७ साली इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आपण अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून २-३ नं हरलो. त्या संघातला राजीव मिश्रा हा त्या स्पर्धेतला सगळ्यात देखणा खेळाडू. लोक म्हणायचे, हा पुढची दहा वर्षं गाजवणार. गुडघ्याच्या दुखापतीनं कारकीर्द तिथेच संपली. मी त्याचा खेळ दूरदर्शनवर पाहिला होता, अजून विसरलेलो नाही. पोरांच्या गुडघ्यांकडे बघायला, वेळेवर उपचार करायला, नंतर हाताला धरून परत मैदानावर आणायला माणसं लागतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ती फार कमी होती.

उलट बाजूनं, २००१ च्या होबार्टमध्ये गगनअजितसिंगच्या संघानं अर्जेंटिनाला अंतिम सामन्यात ६-१ नं हरवलं. प्रशिक्षक हरेंद्रसिंगांनी घडवलेल्या २०१६ च्या लखनौच्या विजेत्या संघाबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शूटआउट झालं. शूटआउट माहीत आहे ना? तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू, समोर एकटा गोलकीपर, आणि आठ सेकंद. त्या दिवशी आपला गोलकीपर विकास दहियानं आपल्याला अंतिम सामन्यात नेलं. १८ डिसेंबरला बेल्जियमविरुद्ध गुरजंतनं आणि सिमरनजीतनं गोल केले. बेल्जियमचा एकमेव गोल आला तो अगदी शेवटच्या मिनिटाला. २-१.

त्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, वरुणकुमार, सुमित, नीलकंठ शर्मा, गुरजंत, सिमरनजीत हे पुढे टोकियोला गेले. ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीला ५-४ नं हरवून एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. त्यातले दोन गोल सिमरनजीतचे. लखनौचं पदक पाच वर्षांनी टोकियोत उगवलं, असं मी म्हणतो. पण त्या लखनौच्या संघाचा कर्णधार हरजितसिंग टोकियोला नव्हता. विकास दहियाही नव्हता. त्यांचा हात त्या पदकात नाही असं मी कधीच म्हणणार नाही. संघ एकत्र वाढतो. पंधरा-सोळा जण रोज एकमेकांना अवघड पास देतात, तेव्हा त्यातले सहा-सात जण पुढे जातात.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, मुलाला पाठवताना पदकाच्या हिशोबानं पाठवू नका. रोज अवघड पास देणारे सोबती मिळताहेत का, एवढं बघा.

शेवटी त्या पोराचं सांगतो, कारण इथल्या काहींनी त्याला ओळखलं असेल. तो पुढे रेल्वेतच लागला. त्याला शिबिरातून परत पाठवलं त्या आठवड्यात मी शाळेच्या व्हरांड्याकडे बघत बसलो होतो. लांबच लांब, शहाबादी फरशीचा. शिपाईबुवा रोज सकाळी तो धुवायचे. ओल्या फरशीवरून एका मुलाचा चेंडू घरंगळत गेला. एकदाही उसळला नाही. सरळ.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी अर्धा तास व्हरांड्यात. दोन बादल्या पाणी, अनवाणी, दोन-दोन मुलं समोरासमोर, आठ पावलांवर. गुडघे वाका, डावा हात खाली, बोटांची हाडं फरशीला लागली पाहिजेत, स्टिक आडवी. मुख्याध्यापकांनी आधी आवाजाबद्दल तक्रार केली, मग एक दिवस स्वतः येऊन उभे राहिले नि बघत बसले. बोटं सोलायची. मी फडकं बांधायला लावायचो. पहिला महिना निम्मे चेंडू सुटले. तीन महिन्यांनी तो पोरगा, शिबिरातून परत आलेला, डोळे मिटून थांबवायचा, आवाजावरून.

निवृत्त झालो तरी रविवारी सकाळी सहाला मी अजून जातो. तो व्हरांडा आहे, बादल्या आहेत. समोर बसलेल्यांपैकी ज्यांना यायचं आहे त्यांनी या. बूट आणू नका. स्टिक नसेल तर माझ्याकडे सात जुन्या आहेत, मुठीवरची टेप परवाच नवी गुंडाळली आहे.